लेउतूची चटई

आमच्या गावात चटया विणणाऱ्या बायका बारा, आणि त्यांत लेउतूचं नाव कोणी घेत नाही. तिची बालमैत्रीण इलिसापेता तर तोंडावर म्हणायची, "ही चटई आहे की मासे धरायचं जाळं?" लेउतू हसायची आणि वीण उसवायला घ्यायची.

इलिसापेता राजधानीत, आपियाला गेली, हॉटेलवाली झाली आणि चाळिशीत एकदाचं तिचं लग्न ठरलं. आहेराला लेउतूने केवड्याच्या पातीची चटई केली. दोन वर्षं लागली. लग्नाला जाताना बोटीत लेउतू चटई मांडीवर घेऊन बसली होती; सोबतीला मी, तिची शेजारीण. खारं पाणी उडेल म्हणून तिने मला खिडकीशी बसवलं. भिजले मी.

लग्नात चौदा केक, साठ डुकरं आणि आहेराच्या चटयांचा हा ढीग! कुठली कोणाची, हे नवरीला कळायची सोयच नव्हती. आमच्यात पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, त्यामुळे निघताना प्रत्येकाला त्याच ढिगातली एकेक चटई मिळत होती. लेउतूला द्यायला मात्र इलिसापेता स्वतः उठून आली.

"सगळ्यांत चांगली तुझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, कळलं? वीण बघ, नुसतं रेशीम!"

लेउतूने घडीचा कोपरा उलटला. चटई तिचीच होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिने माझा पाय दाबला.

"कोणी विणलीय गं?" तिने विचारलं.

"कुणास ठाऊक. घरी नेऊन नीट बघ, शीक काहीतरी."

"बघते," लेउतू म्हणाली.