तोंड पुढं ठेवून उतरणं

चालत्या गाडीतून उतरायचंच असेल तर तोंड गाडी जाते त्या दिशेला ठेवावं, एका हातानं दांडी धरावी आणि पाय टेकल्याबरोबर गाडीच्या मागोमाग चार पावलं पळावं. मी विज्ञान शिकवते. जडत्व आणि सापेक्ष वेग दरवर्षी फळ्यावर समजावून सांगते. जीपमध्ये बसलेली सगळी माणसं एकमेकांच्या सापेक्ष स्थिर असतात. शेजारची बाई हलत नाही म्हणून आपणही हलत नाही असं वाटतं. रस्त्याच्या हिशेबानं मात्र आपण जीपइतक्याच वेगानं चाललेलो असतो. पाय रस्त्याला लागला की पाय थांबतो, डोकं थांबत नाही. तोंड पुढं असेल तर पळून तो वेग जिरवता येतो. तोंड मागं असेल तर डोक्याची मागची बाजू रस्त्यावर आपटते, कारण उलटं कुणाला पळता येत नाही.

आमच्या गावच्या सुना तोंड मागं करूनच उतरतात.

सेलू-पाथरी रस्त्यावर आमचा फाटा आहे. फाट्याच्या थोडं अलीकडं लहान पूल, पलीकडं चहाचं हॉटेल. जीप हॉटेलापाशी पूर्ण थांबते. तिथं गावातली मोठी माणसं उतरतात. सुनांनी त्यांच्यासोबत उतरू नये, त्यांच्यासमोरून चालत जाऊ नये, म्हणून सुना आधीच पुलावर उतरतात. जीपवाला दोनदा थांबत नाही. पुलानंतर चढ आहे, थांबलं की गाडी उचलत नाही, असं तो म्हणतो. तो फक्त वेग कमी करतो. सुना मागच्या बाकावर बसतात, मोठ्या माणसांकडं पाठ करून पायरीवर येतात, एका हातानं डोक्यावरचा पदर धरतात, दुसऱ्या हातात पिशवी. दांडी धरायला हात उरत नाही. चालत्या गाडीतून उतरायची यापेक्षा वाईट पद्धत मुद्दाम शोधूनही सापडणार नाही.

मीही याच गावची सून आहे. पण मला नोकरी लागली तेव्हापासून मी पुढं ड्रायव्हरजवळ बसते आणि हॉटेलापाशी उतरते. सासरे मला मॅडम म्हणतात. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

माझी धाकटी जाऊ, घरात तिला सगळे धाकलीच म्हणतात, सेलूला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. काम तिनं स्वतः जाऊन मिळवलं होतं. लग्नानंतर घर आणि शेत याशिवाय तिचं असं ते एकच होतं. माझी शाळा दुपारी सुटायची, तिचं काम संध्याकाळी, म्हणून आमच्या जीपा वेगळ्या.

एका संध्याकाळी ती पुलावर उतरताना उताणी पडली. डोक्याला टाके पडले, मनगटाला प्लास्टर. जीप पुढं जाऊन हॉटेलापाशी थांबली, मग माणसं मागं आली. त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं, "नीट उतरायचं बी जमंना का सुनबाईला?"

वसतिगृहातल्या बाईंनी जागा ठेवली. हात बरा झाला की या, म्हणाल्या. घरात मात्र सासूबाईंनी विषय मिटवून टाकला होता. "पडून हातपाय मोडून घ्यायला कशाला जायचं? घरी काय खायला न्हाई?"

मी म्हटलं, "तिला हॉटेलापाशी उतरू द्या. गाडी थांबती तिथं."

"समद्यायच्या म्होरं?" सासूबाई म्हणाल्या. "तू शाळेची बाई हायस. तुझं येगळं."

भावजी, म्हणजे तिचा नवरा, भांडणात पडत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "तिला नीट उतरता येत असंल तर जाऊ द्या की."

मी ते वाक्य पकडून ठेवलं. प्लास्टर निघाल्यावर तिला शेतात नेलं. माझ्या नवऱ्यानं ट्रॅक्टर घेतला, मागं रिकामी ट्रॉली. ट्रॉलीचं मागचं फाळकं पाडलं आणि तिला काठावर उभं केलं.

"पदर कमरेला खोच. पिशवी खांद्याला. तोंड ट्रॅक्टरकडं."

"आक्का, तुमच्या पुस्तकातला माणूस साडी नेसतो का?"

"त्याला पाय असतात, एवढं पुरे. उतर."

पहिल्यांदा ती गुडघ्यावर आली. मऊ काळी माती होती, लागलं नाही. नवरा वरून ओरडला, "आगं, तू तिला शिकवायलीस का पाडायलीस?" मी त्याला ट्रॅक्टर चालू ठेवायला सांगितलं. धाकली चार-दोनदा पडली, मग पळायला लागली. पाय टेकायचा, दांडी धरून गाडीसोबत पळायचं, मग दांडी सोडायची. एकदा जमल्यावर ती थांबायलाच तयार नव्हती. "आता जरा जोरात पळवा की भावजी," म्हणून माझ्या नवऱ्याला हुकूम सोडत होती.

ती परत कामाला लागली त्या दिवशी संध्याकाळी मी पुलावर जाऊन उभी राहिले. जीप आली, हळू झाली. धाकली पायरीवर उभी, पदर कमरेला, तोंड जीपकडं, हात दांडीला. पाय टेकला, पळाली, दांडी सोडली, थांबली. मला बघून हसली. एकदम बिनचूक. जीप पुढं गेली, हॉटेलापाशी पूर्ण थांबली, आणि मधल्या सीटवरून आमचे चुलत सासरे उतरले.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ते ओसरीवर बसलेले होते. माझ्या सासऱ्यांना सांगत होते, "तोंड उघडं टाकून, माझ्याकडं बघून दात काढत उतरली. डोक्यावर पदर न्हाई. समद्या जीपनं बघितलं."

मधल्या सीटवरची माणसं पुढं तोंड करून बसतात. तिचं तोंड बघायला यांना मुद्दाम मान वळवावी लागली असणार. मी तसं म्हटलं.

धाकली म्हणाली, "मामा, मी तुमच्याकडं न्हाई बघितलं. मी रस्ता बघायले होते."

"बघा. आता उलट बोलायलीय."

मी विचारलं, "ती पडली, डोकं फुटलं, तेव्हा तुम्ही आला नव्हता सांगायला?"

"पडनं येगळं, मॅडम," ते म्हणाले. "पडंल कुणीबी. उड्या मारत येनं हे येगळं." आणि सासऱ्यांकडं वळून, "उद्या समद्या पोरी अशाच उतरायला लागल्या मंजी?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "बस झालं आता ते काम." मी भावजींकडं बघितलं. त्यांची अट तिनं पूर्ण केली होती. ते उठून जनावरांना वैरण टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी जीपवाल्याला गाठलं. पुलावर गाडी पूर्ण थांबव म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठी कुठंबी थांबतो. पण सुना थांबा म्हनतच न्हाईत. पत्रा वाजवतेत नुसता." मी म्हटलं, मोठी माणसं बसलेली असताना त्यांनी ओरडायचं नसतं. "मंग मी काय करू?" त्यानं विचारलं आणि गिअर टाकला.

वसतिगृहानं थोडे दिवस वाट बघून दुसरी बाई ठेवली. ती आमच्याच गावची, आमच्याच गल्लीतली, नुकती लग्न होऊन आलेली. कामाला जायच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरी आली. मी ज्वारी निवडत बसले होते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, सरळ चुलीपाशी धाकलीजवळ जाऊन बसली.

"वैनी, तुमाला जीपमधून उतरायचं चांगलं येतं म्हनतेत. मला सांगा की कसं उतरायचं."

धाकलीनं तव्यावरची भाकर उलटली.

"समद्या उतरतेत तसंच उतर," ती म्हणाली. "कामाला जायचंय न्हवं तुला?"