पाकवाल्या बाई

मोबाइल फोन तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला सगळे पाकवाल्या बाई म्हणत. तिथे चूल नव्हती की कढई नव्हती. पाणी, साखर, मीठ आणि घट्टपणासाठी एक पांढरी पूड एवढंच तिचं सामान. हे मिश्रण फोनच्या लहरी मेंदूसारखंच शोषतं, असं साहेबांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिला हसू आवरेना.

"म्हणजे साखर जास्त पडली तर डोकं गोड होणार?"

"माप चुकणार," साहेब म्हणाले, पण हसले तेही.

टेबलात माणसाच्या डोक्याचा पोकळ साचा आडवा बसवलेला असे. ती त्यात पाक ओतायची. खालून गालाला नवा फोन टेकवायचा, मग यंत्राचा हात वरून बारीक सळई पाकात बुडवून कुठे किती ऊर्जा मुरली ते मोजायचा. पडद्यावर कानापाशी लाल डाग उमटे आणि आत जाता जाता निळा होऊन विझे. झाकण उघडं राहिलं की साच्याला मुंग्या लागत. "बाई, डोक्याला मुंग्या आल्या," ही थट्टा कधी शिळी होत नसे.

तिचा नवरा जहाजावर आचारी. किनारा जवळ आला की त्याचा फोन यायचा. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो, हे तिला कामामुळे ठाऊक.

"अहो, फोन जरा लांब धरा. स्पीकरवर बोला."

"इथे चौघं आडवे पडलेत. त्यांनाही ऐकवू?"

"मग इअरफोन?"

"उंदरानं खाल्ला."

त्याला उपदेश करणारी ती स्वतः मात्र फोन कानात रुतेल इतका दाबून धरायची. वाऱ्यात त्याचा आवाज दोऱ्यासारखा बारीक यायचा, तो निसटू नये म्हणून. कान तापायचा. तो बहुतेक बॅटरीनं तापतो, असं साहेब सांगत. तिला कारणाशी देणंघेणं नव्हतं.

पुढे न नासणारा तयार द्रव डब्यांतून येऊ लागला आणि साखरेची पोती गेली. ती निवृत्त झाली, मागोमाग तोही कायमचा घरी आला. आणि पंचाईत झाली. जन्मभर कानात बोललेली माणसं समोरासमोर बसली की दातखीळ बसायची. "मीठ बरोबर आहे?" "आहे." संपलं.

एका दुपारी तो गॅलरीत बसला होता. तिनं गॅसवर भात ठेवला आणि ओट्याशी उभ्या उभ्या त्याला फोन लावला. त्यानं पडद्यावर नाव पाहिलं, खिडकीतून तिच्याकडे पाहिलं, आणि फोन उचलला.

"काय गं?"

"काही नाही. तिकडचं काहीतरी सांगा."

तो खुर्चीत मागे रेलला. मग त्यानं एका वादळाची गोष्ट काढली. भटारखान्यातली भांडी या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळत होती आणि तो खांबाला मिठी मारून बसला होता.

"हे तेव्हा नाही सांगितलंत."

"तू जेवली नसतीस."

पाठ वळवून, डोळे मिटून, फोन घट्ट दाबून ती ऐकत राहिली. करपल्याचा वास आधी त्यालाच आला. तो उठून आत आला, गॅस बंद केला, बाह्या सरसावल्या आणि पातेलं घासायला घेतलं. ती शेजारी उभी राहिली. उरलेलं वादळ त्यानं घासता घासता सांगितलं.