रिकामे पंजे

घुबडाचं चित्र मागायला कुणी आलं की मी आधी त्याच्या हातांकडे पाहते. अंगठ्या किती, मनगटाला दोरे किती. बिबट्या लोक हौसेनं नेतात, मोर तर लग्नाच्या आहेरात देतात. घुबड मात्र आमच्याकडे कुणी भिंतीवर लावत नाही. त्यामुळे आपणहून घुबड मागणारा माणूस दिसला की माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकतेच.

संशय माझ्या स्वभावात आहे, पण धंद्यानं तो वाढवला. माझी सुरुवात झाली वनखात्याच्या पाट्यांपासून. एकलहऱ्याच्या बाजूला उसात बिबटे निघायचे, तेव्हा ‘घाबरून जाऊ नका’ असं लिहिलेल्या पाटीवर माझा बिबट्या बसलेला असायचा. तो फारच गरीब दिसतो, लोक त्याला बिस्किटं घालतील, अशी साहेबांची तक्रार होती. पुढे कॅलेंडरं केली, द्राक्षबागांतल्या रिसॉर्टच्या भिंती रंगवल्या आणि मग कुठे प्रदर्शनं लागायला लागली. या सगळ्यात एक नियम मी कधी मोडला नाही. प्राणी खरा, जागा खोटी. वणीच्या रस्त्यावर पाहिलेल्या पक्ष्यामागे मी कळवणकडचा डोंगर रंगवते. घरटी कुठे आहेत ते नवऱ्यालाही सांगत नाही. तो म्हणतो, “तुझ्या बिबट्यांची आधार कार्डं काढली, तर पत्ते तूच खोटे देशील.” देईनच. चित्रावरून जागा ओळखून पिल्लं उचलणारे लोक असतात, आणि घुबडाची नखं कोण कशासाठी विकत घेतं हे मला चांगलं ठाऊक आहे.

थंडी ओसरत असताना एक गृहस्थ दारात आले. पन्नाशीचे, फुलबाजारातून थेट आलेले, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. फ्रेमवाल्यानं माझा पत्ता दिला होता.

“ताई, घुबडाचं चित्र पायजे. मोठं, शिंगावालं.”

“कशाला?” मी बसासुद्धा म्हटलं नाही.

“घरात लावायला.” मग जरा घुटमळून म्हणाले, “पंजे नीट दिसले पायजे. नखं, बोटं, समदं. दोन्ही पाय.”

माझे कान टवकारले.

“आणि ताई, ते राहतं कुठं, काय ठाव हाय का? आमच्याच बाजूला, वणीच्या रस्त्याला हाय. रोज वरडतं. पण जागा काय घावंना.”

त्याच रस्त्यावरच्या एका कपारीत त्या वेळी शृंगी घुबडाची दोन पिल्लं होती, नुकती डोळे उघडलेली. नाही म्हणावं तर हा माणूस स्वतः शोधत फिरेल. त्यापेक्षा तो नजरेसमोर राहिलेला बरा, म्हणून मी काम घेतलं आणि त्याच्या घराचा पत्ता नीट लिहून घेतला. चित्र मन लावून काढलं. डोळे, कानाजवळचे तुरे, छातीवरच्या रेघा, कशात कसूर ठेवली नाही. पाय मात्र पार गवतात बुडवले. म्हटलं, घे, शोध आता नखं.

चित्र न्यायला आले तेव्हा त्यांची नजर गवतावर थांबली. “ताई, पाय?”

“बसलेलं घुबड असंच दिसतं,” मी ठोकून दिलं.

ते पैसे मोजून चित्र घेऊन गेले. मला चैन पडेना. शेवटी वॉर्निशचा हात द्यायचा राहिलाय, असं निमित्त काढून, रंगांची पेटी घेऊन मी त्यांच्या वस्तीवर जाऊन थडकले. खरं तर मला तिथे पिंजरा शोधायचा होता, जाळं शोधायचं होतं. गोठ्यामागे डोकावले, पत्र्याच्या शेडमध्ये डोकावले. झेंडूचे क्रेट आणि पाणी पिऊन रवंथ करत बसलेली गाय, एवढंच दिसलं.

आत खाटेवर त्यांची आई होती. नुसती हाडं. समोर भिंतीला टेकवून माझं घुबड.

“दिवाळीनंतर एकदा सांजच्याला खांबावर येऊन बसलं,” ते हळू आवाजात म्हणाले. “आईनं ढेकूळ फेकून मारलं. तवापासून म्हणती, घुबडानं ते ढेकूळ उचललं. पंजात धरून पाण्यात भिजवत बसतं. ढेकूळ विरघळंल तसं माणूस झिजत जातं. खाणंपिणं सोडलंय. दवाखान्यात समदे रिपोर्ट चांगले हायेत. जागा घावली असती तर मीच बघून आलो असतो. म्हटलं, चित्रात रिकामे पंजे दावले तर जेवंल तरी.”

“मग काय म्हणाल्या?”

म्हातारीनंच उत्तर दिलं. “लपवलंय बघ त्यानं. गवतात.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पेटी उघडून मी तिथेच जमिनीवर बसले. गवत पुसून खडक केला आणि त्यावर एक पंजा काढला, बोटं फाकलेली, रिकामी. म्हातारी कोपरावर उठून बघत होती.

“दुसऱ्या पायात आसंल.”

दुसराही काढला. तिनं दोन्ही निरखले आणि मान हलवली. “हे आत्ता काढलं तू. माझ्या म्होरं, तुझ्या मनानं. खरं घुबड पाह्यलंय का कधी?”

“पाहिलंय, आजी. वर्षानुवर्षं पाहतेय.”

“मंग सांग, कुठं राहतं ते?”

मी मागे वळून पाहिलं. ते गृहस्थ दारात उभे होते. मनात अजूनही तीच पाल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

“गाईला पाणी दावून येतो,” म्हणाले आणि निघाले.

त्यांना मी काय समजले होते ते त्यांनी ओळखलं होतं, बहुधा पहिल्याच दिवशी. तरी पैसे देऊन बिनपायांचं चित्र घेऊन गेले होते, आणि आता मला बोलता यावं म्हणून स्वतःच्याच घरातून बाहेर चालले होते.

“थांबा हो भाऊ,” मी म्हटलं. “तुम्हीही ऐका.”

आणि सांगितलं. जुनी खडीची खाण, तिच्या मागचा कडा, वरून दुसरी कपार.

म्हातारी ऐकत होती. “तिथं पाणी हाय का?”

“नाही. सगळा कोरडा कातळ.”

“पावसाळ्यात?”

“उभा कडा आहे, आजी. थेंब टिकत नाही.”

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

“मंग विरघळायचं नाय ते,” ती म्हणाली. “सुनंला म्हणावं पेज टाक. मीठ बेतानं.”