लेदिस बेर्दूगोचं बंद दार

एकोणीस वर्षं क्लिनिकच्या टेलिफोनवर बसून आपला उजवा कान चपटा झाला, असं लेदिस बेर्दूगो स्वतःच सांगायची. मी त्याच क्लिनिकात रुग्णांच्या फायली सांभाळतो आणि तिच्या समोरच्या घरात राहतो. ती फोनवर कोणालाही घाई करत नसे. एखादा म्हातारा आपल्या दुखण्याचं नाव शोधत राही, पलीकडून नुसता श्वास येई, आणि लेदिस थांबे. त्या वेळात काय करतेस, असं मी एकदा विचारलं होतं.

"काही नाही. तिथे असते," ती म्हणाली.

संगणक अडला की परिचारिकाही तिलाच फोन करत, कारण तो तिने तंत्रज्ञाकडे जोडून द्यायचा असे. तंत्रज्ञ "बंद करून चालू करा" एवढं म्हणून फोन ठेवी. मग ती बाई पुन्हा लेदिसकडे. ऐकून ऐकून तिला निम्मं काम यायला लागलं होतं.

मार्चमध्ये नोटीस लागली. यापुढे फोन यंत्र उचलणार. डिसेंबरपासून संगणकाच्या तक्रारींसाठी मदतकक्ष निघणार, जागा तीन, आधी जुन्या माणसांचा विचार होणार. मात्र नोव्हेंबर संपायच्या आत हातात प्रमाणपत्र हवं. नसेल त्याने घरी जायचं. लेदिस चव्वेचाळीस वर्षांची होती. आई गेल्यापासून घरात एकटी.

गल्लीचं मत एकच पडलं: मध्यवस्तीतली संस्था. संध्याकाळचे वर्ग, समोर शिक्षक, शेवटी टोपी आणि झगा घालून समारंभ.

"टोपीतला फोटो भिंतीवर नसला तर शिकलीस हे आम्ही मानायचं कशावरून?" उबाल्दो म्हणाला. उबाल्दोकडे गल्लीचा पिको आहे, माणसाहून उंच, नारिंगी वाघ रंगवलेला स्पीकर. शनिवारी तो वाजला की भिंतीवरचे फोटो तिरके होतात.

संस्थेत एक वर्ग फुकट बसून पाहता येत होता. लेदिस जाऊन आली. दुसऱ्या दिवशी क्लिनिकच्या अंगणात कॉफी घेताना तिने सांगितलं, "शेजारी, मास्तरांनी विचारलं, कळलं का? सगळ्यांनी मान डोलवली. माझ्या बाजूच्या बाईला काडीचं कळलं नव्हतं, तिनेही डोलवली."

"मग तू काय केलंस?"

"मीही डोलवली." कप खाली ठेवून ती म्हणाली, "बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. तिथे गेले तर मी सहा महिने मानच डोलवत बसेन."

म्हणून तिने घरी बसून, आपल्या वेळाने शिकायचं ठरवलं. पण जाहिरात पाहून पैसे भरले नाहीत. आधी क्लिनिकच्या संगणकप्रमुखाला विचारलं, तुम्ही कोणाचा कागद मानता? त्याने तीन नावं दिली. त्यातलं एक प्रमाणपत्र सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणाऱ्या कोणालाही मिळत होतं. "हे प्रमाणपत्र नाही, हजेरी आहे," म्हणून तिने ते खोडलं. दुसरं आधीच बरीच वर्षं हे काम केलेल्यांसाठी होतं. तिसऱ्याचा अभ्यास पायरीपायरीने होता, वेळेचं बंधन नव्हतं, आणि शेवटी परीक्षा खरी होती. घरीच, पण कॅमेऱ्यासमोर, पलीकडे एक माणूस पहारा देत असताना. प्रमाणपत्राचा क्रमांक कोणालाही तपासून पाहता येणार होता. तिने तेच घेतलं. संस्थेहून धीमी आणि शेवटी कठोर अशी ही वाट एका घाबरलेल्या बाईने शांत डोक्याने निवडली, याचं मला अजून नवल वाटतं.

रोज पहाटे चार ते सहा तिच्या खिडकीत निळसर उजेड दिसे. जेवणाच्या टेबलावर एक जुना संगणक उघडा पडलेला. मागच्या घरातली तूलिया, ऐंशीच्या पुढची, जिला सगळे मानाने नीन्या म्हणतात, एकदा डोकावून म्हणाली, "अगं बाई, जेवायच्या टेबलावर मुडदा फाडतेस?"

"जिवंत आहे तो, नीन्या. पंखा फिरतोय बघा."

नेटवर्कचा धडा तिने अकरा वेळा पाहिला. "अकराव्या वेळीही तो माणूस तितक्याच शांतपणे बोलला," ती म्हणाली, "असा नवरा मिळायला हवा होता."

पण आपल्या गतीने चालण्यात एक खड्डा असतो: ती गती शून्यही होऊ शकते, आणि कोणी ओरडत नाही. सप्टेंबरात सतरा दिवस खिडकी काळी राहिली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. अठराव्या पहाटे उजेड पुन्हा दिसला. त्याच दिवशी तिने परीक्षेची तारीख पक्की केली होती, हे मला नंतर कळलं. तारीख तिने कोणालाच सांगितली नाही. नापास झाले तर गल्लीभर होईल, ही भीती.

इथेच ती चुकली. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी दहाला तिने पुढचं दार लावलं, खिडक्या लावल्या, कारण नियम तसा होता: खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज नको. आणि आमच्या गल्लीत घरात माणूस असताना दिवसा दार बंद म्हणजे आत काहीतरी भयंकर. अर्ध्या तासात दारापुढे सातआठ जण जमले. मीही त्यात होतो. तूलिया मागच्या अंगणातून घुसली, हातात कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं, आणि कॅमेऱ्यासमोर उभी राहून ओरडली, "जिवंत आहेस ना गं पोरी?"

पडद्यावर दोन ओळी आल्या आणि परीक्षा रद्द झाली.

लेदिसने तूलियाला एक शब्दही बोल लावला नाही. ती तो रस्सा प्यायली. भरलेल्या पैशांत आणखी एक संधी होती, शेवटची. तारीख मिळाली तीन आठवड्यांनी, पुन्हा शनिवारचीच.

त्या शुक्रवारी संध्याकाळी ती खुर्ची बाहेर काढून गल्लीच्या मधोमध बसली. लोक जमेपर्यंत बसून राहिली.

"उद्या दहा ते साडेअकरा माझी परीक्षा आहे," ती म्हणाली. "दार बंद असेल. मी मेलेली नसेन. नापास झाले तर तुम्हाला लगेच कळेल, आणि नोकरी जाईल तीही कळेल. माझं एवढंच म्हणणं आहे, आवाज नको."

मग उबाल्दो म्हणाला, "शनिवारी? पिको बंद?"

"दीड तास."

"माझ्या लग्नातही तो दीड तास बंद नव्हता, लेदिस."

"म्हणूनच बायको पळाली," तूलिया म्हणाली. गल्ली हसली आणि ठरलं.

सकाळी दहाला आम्ही खुर्च्या घेऊन तिच्या बंद दारासमोर बसलो, रांगेत, हात मांडीवर. प्रेताशेजारी बसतात तसे, फरक इतकाच की आतलं माणूस जिवंत राहावं म्हणून. वाघाच्या तोंडावर उबाल्दोने चादर टाकली होती. ऊन दाराच्या कडीवरून इंच इंच सरकत होतं. त्या लाकडामागे एक बाई एकटी प्रश्नांसमोर बसली होती, आणि तिथे मान डोलवून चालणार नव्हतं. साडेदहाला कोपऱ्यावरून भोंगा लावून अव्होकाडोवाला आला. तूलिया उठली, चालत गेली आणि तिने सरळ भोंग्याच्या तोंडात हात घातला. तो इतका दचकला की गाडी ढकलत आमच्यात येऊन बसला.

पावणेबाराला कडी निघाली. लेदिस दारात उभी राहिली, केस घामाने कपाळाला चिकटलेले. तिने आमच्याकडे पाहिलं, मग चादरीकडे.

"कोणाचं मयत आहे?" ती म्हणाली. "काढ ती चादर, उबाल्दो. पास झाले."

त्यानंतर तीन दिवस आमच्या भिंतीवरचा एकही फोटो सरळ नव्हता.

जानेवारीत माझा पडदा गोठला. मदतकक्षाला फोन लावला. लेदिसने काय करायचं ते पायरीपायरीने सांगितलं. मला वाटलं, तिचा वेळ कशाला खायचा.

"हो हो, कळलं," मी म्हणालो.

पलीकडे ती थांबली. नुसता श्वास.

"नाही कळलेलं, शेजारी," ती म्हणाली. "ऐकू येतंय मला. पहिल्यापासून सांगते. मी इथेच आहे."