स्विचवरचा लाल टॅग

आईनं नांदी म्हटली त्या संध्याकाळी बाबांची सेकंड शिफ्ट होती. आमच्या टाउनशिपच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं नाटक, आणि बाबा कारखान्यात. पुढे थायरॉईडच्या ऑपरेशननंतर आईचा आवाज बसला तो बसलाच. लग्नाला इतकी वर्षं होऊन बाबांनी तिची नांदी ऐकलीच नव्हती.

म्हणून शेजारचे काका, जे रिटायर होऊन नाशिकला गेले होते, त्यांचा फोन आला तेव्हा मी जागच्या जागी उडी मारली. त्यांना त्या नाटकाची व्हिडिओ कॅसेट सापडली होती. पांगलेल्या सगळ्यांना मिळावी म्हणून तिची फाईल करून त्यांनी ती टॉरेंटवर टाकली होती. म्हणजे फाईल त्यांच्या कॉम्प्युटरवरून तुकड्यातुकड्यानं आपल्याकडे येणार, दोन्हीकडचे कॉम्प्युटर चालू असतील तेवढा वेळच. बाकीच्यांनी फाईल घेतली आणि दुकान बंद केलं. घेताना सगळे पुढे, द्यायची वेळ आली की पसार! उरले एकटे काका, आणि तेही रविवारी मुलीकडे परदेशी निघणार होते.

बाबांच्या रिटायरमेंटला आठवडा राहिला होता. ठरवलं, त्या दिवशी त्यांना ऐकवायचं आणि तोवर चकार शब्द काढायचा नाही.

सकाळी डाउनलोड लावून मी मंडीदीपला कामावर जायचे. संध्याकाळी येऊन बघावं तर कॉम्प्युटर बंद. आई म्हणायची, "लाइट गेले असतील गं." मला खात्री, ते डाउनलोडचं सॉफ्टवेअरच रद्दी. नुसत्या जाहिराती! बसमधला सहकारी म्हणाला, "अरे मॅडम, क्लाएंट बदल दो." क्लाएंट म्हणजे ते डाउनलोडचं सॉफ्टवेअरच. बदलला. दुसरा क्लाएंट सुटसुटीत होता, पण जुना काढताना 'फाईलही काढायची का' या प्रश्नाला मी घाईघाईत हो म्हटलं आणि निम्मी नांदी पुसून टाकली. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. पुन्हा शून्यापासून सुरुवात, आणि संध्याकाळी पुन्हा कॉम्प्युटर बंद. मग तिसरा. या वेळी शहाणपणा करून त्याला आधीचाच फोल्डर दाखवला. त्यानं आलेले तुकडे तपासले आणि पुढचं काम सुरू केलं. इतका आनंद झाला की आईला म्हटलं, आज शिरा कर.

शुक्रवारी मी हाफ-डे टाकून दुपारी घरी आले, तर बाबा डबा हातात घेऊन शिफ्टला निघालेले. निघता निघता त्यांनी हॉलमधला पंखा बंद केला, ट्यूब बंद केली आणि शांतपणे कॉम्प्युटरचं भिंतीवरचं बटणही बंद केलं.

"बाबा!"

"रोज चालू ठेवून जातेस. स्क्रीन काळी, खाली दिवा जळतोय. वीज काय झाडाला लागते?"

अरे देवा! दोन क्लाएंट उगाच शिव्या खाऊन गेले होते. रागवावं की हसावं कळेना, आणि खरं कारण तर सांगता येईना. बाबा गेल्यावर मी त्यांची हत्यारांची पेटी उघडली. तळाशी कारखान्यातला जुना लाल टॅग होता: 'काम चालू आहे. स्विचला हात लावू नये.' असा टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसरा कुणी, अगदी मोठा साहेबसुद्धा, स्विचला हात लावत नाही, हे बाबांनी आम्हाला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलेलं. मी तो सुतळीनं प्लगला बांधून बटणावर लटकवला.

शनिवारी बाबा शिफ्टला निघाले. पंखा बंद केला, ट्यूब बंद केली. टॅग वाचला. माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता चपला घातल्या. संध्याकाळपर्यंत फाईल पूर्ण आली. तरीही मी टॅग तसाच ठेवला. काका गेल्यावर मागाहून येणाऱ्यांना फाईल आता आमच्याकडूनच मिळणार होती.

रिटायरमेंटचे हारतुरे झाले, पाहुणे गेले, आणि मी फाईल लावली. चित्र धूसर होतं, पण आवाज खणखणीत. बाबा खुर्चीवरून उठून उभेच राहिले. आई लाजून लाल झाली. "पुरे झालं, कसली मेली हौस!" म्हणत ती बटणाकडे गेली.

बाबांनी तिचा हात धरला. डोळे पाण्यानं भरलेले.

"हात लावायचा नाही," ते म्हणाले. "टॅग आहे."