डाव्या खिशातली गोळी

माझे सासरे जर्मन, पण मी त्यांना बाबाच म्हणते. म्युनिकबाहेरच्या एका जंगलात ते आयुष्यभर शिकार करत आले. लग्नानंतर शिकारीची परीक्षा देऊन मीही त्यांच्याबरोबर जाऊ लागले. त्यांच्या कोटाच्या डाव्या खिशात हरणासाठी मऊ गोळीची काडतुसं असत आणि उजव्या खिशात रानडुकरासाठी कठीण गोळीची. ही पद्धत मला कधीच पटली नव्हती.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर एका सकाळी आम्ही हरणाची वाट बघत बसलो होतो आणि आलं रानडुक्कर. बाबांनी गोळी झाडली. बंदुकीत डाव्या खिशातलं काडतूस होतं. मऊ गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली आणि डुक्कर पळालं. कुत्रा घेऊन दुपारपर्यंत माग काढला, तेव्हा ते काटेरी झुडपात जिवंत सापडलं. बाबांचा हात थरथरत होता, म्हणून शेवटची गोळी मी घातली.

घरी आल्यावर त्यांनी बंदुकीच्या कपाटाची चावी माझ्यापुढे ठेवली. "पुरे आता. माझं वय झालं."

"वय नाही बाबा, खिसे नडले," मी म्हटलं. मला त्यांचा रागच आला होता. मी गाड्यांचे सुटे भाग मोडून तपासणारी इंजिनिअर. कशावर आदळून काय फुटतं, हे मला कुणी शिकवायला नको.

शनिवारी त्यांना जवळजवळ ओढतच नेमबाजीच्या रेंजवर नेलं. शंभर मीटरवर त्यांच्या दोन प्रकारच्या गोळ्या एकमेकींपासून चार बोटं लांब लागत होत्या. इतकी वर्षं ते अंदाजानेच सावरून घेत होते. मग मी अख्ख्या तांब्याच्या गोळ्या काढल्या. अशी गोळी हरणाच्या नाजूक अंगातही नीट उघडते आणि डुकराच्या हाडावर तिचे तुकडे होत नाहीत, म्हणजे दोघांसाठी एकच पुरते. पण प्रत्येक बंदुकीला प्रत्येक गोळी मानवत नाही, म्हणून तीन प्रकार आणले होते. बाबांनी प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाडल्या. पहिले दोन प्रकार इकडेतिकडे विखुरले. तिसऱ्याची पाचही भोकं मी तीन बोटांखाली झाकली.

"आल्झो, म्हणजे हात ठीक आहे म्हणायचा," बाबा म्हणाले. चावीबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. ती माझ्याकडेच राहिली.

दोन आठवड्यांनी सकाळी ते कोट घालून माझ्या दारात उभे राहिले. डावा खिसा जाड हिरव्या दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी शिवून टाकलेला होता. मी चावी त्यांच्या हातात ठेवली.