भात्यावर पाहुण्याचा पाय

मी चौथी नापास. पण कॉलेजच्या एका मास्तरानं डोंगरातल्या लोकायवर जाड पुस्तक लिहिलं, त्यातला एक रिवाज माझा आहे. आता सांगाले हरकत नाही.

तवा भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता. मी भंडाऱ्याकडून आलेला, खलाश्यांच्या ग्यांगमध्ये लोखंडी पत्रे वर चढवाचो. मोठी भट्टी अर्धीच झाली होती, पण चहाच्या टपरीवर मी असा बोलाचो, जशी काही ती माझ्याच आंगणात उभी होऊन राहिली. तिथंच मास्तर भेटला. मैकलच्या डोंगरात मातीच्या भट्टीत लोखंड गाळणारे जुने लोक होते, त्यायच्या चालीरीती लिहून घ्याले तो निघाला होता. त्याले तिकडची बोली येत नव्हती.

"मले येते," मी म्हणलो. छत्तीसगढी येत होती, ते खोटं नव्हतं. फोरमननं चार दिवसांची सुट्टी दिली, वरून म्हणाला, "जा, तेवढीच इथं शांती."

बसनं अन् मग पायी, असे पोचलो. झोपडीत एक म्हातारी अन् तिचा बहिरा नवरा. आंगणात छातीएवढी मातीची भट्टी. तिच्याजवळ चामड्यानं मढवलेले दोन भाते. एका भात्यावर एक पाय, दुसऱ्यावर दुसरा, असं उभं राहून तुडवत राहाचं, म्हणजे भट्टीत हवा जाते. पण भट्टी थंड होती. कावून? तर भाते तुडवणारा पोरगा भिलाईले कामाले निघून गेला होता. आमच्याच कारखान्यात!

मास्तराचं तोंड उतरलं. लोखंड निघताना पाहाले तर तो एवढ्या दूर आला होता.

"मी तुडवतो," मी बोलून गेलो. म्हातारीले तिकडच्यासारखं दाई, म्हणजे आई, म्हणलं. "आमी मोठ्या भट्टीवाले. दाई, आमच्या भट्टीपुढं तुही भट्टी म्हणजे चूल."

म्हातारीनं विचारलं, "किती लोखंड निघते रे तुमच्या भट्टीतून?"

"अजून बांधून व्हाची आहे."

"मंग माही चूलच बरी, बाबू. अन् ऐक, चढलेला पाय लोखंड निघेपर्यंत उतरत नाही. मधात थांबला तर आतला माल बिघडते."

"उतरलो तर मिशी भादरीन," मी म्हणलो, अन् मास्तराले तेही लिहाले लावलं. मिशी तवा काळीभोर, दोन्हीकडून वर वळलेली. मुलगी पाहाले गेलो तवा सासऱ्यानं मले नाही, पहिले मिशीलेच पसंत केलं होतं.

सकाळी सरईच्या लाकडाचा कोळसा पेटला. म्हातारा वरून लोखंडाचे दगड टाकून राहिला, मी तुडवून राहिलो. पहिला घंटा मजेत गेला. मास्तर सवाल विचारे, मी तुडवता तुडवता इकडचं तिकडं करो.

"विचारा त्यांना, लग्न कसं ठरतं?"

म्हातारी म्हणे, "याच्यासारखा बोलघेवडा असला तर ठरतच नाही."

"मोठ्या विचारानं ठरते म्हणते," मी मास्तराले सांगितलं.

दुपार होता होता पिंढऱ्यात गोळे आले. पाय खाली जाये, पण वर येईना. म्हातारी खिक् करून हसली. "मास्तराले सांग, तुहे पाय सरले. अन् वस्तरा आणला का तेही विचार."

मास्तरानं पेन्सिल उचलली. "काय म्हणाल्या?"

"म्हणते, भट्टी अर्धी झाली का भाते पाहुण्याच्या हवाली करतात. मोठा मान असते. पाहुणा नाही म्हणला तर भट्टीचा देव रुसते."

"अरे वा! हे अजून कोणीच लिहिलेलं नाही!" मास्तरानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली अन् चढला. मी रिवाजानं उतरलो.

म्हातारी पाहतच राहिली. "काय सांगितलं रे त्याले?"

मी सांगितलं. ती तोंडात पदर कोंबून इतकी हसली, का बहिऱ्या नवऱ्यानंही वळून पाहिलं. मंग डोळे बारीक करून म्हणाली, "मी नाही फोडत. पण ही मिशी आता माही. एकटा अख्खी भट्टी तुडवशीन, तवा वापस भेटन."

लोखंड निघालं. मास्तराच्या तळपायाले फोड आले होते, पण गडी खुश.

वर्षं गेली. आमची मोठी भट्टी पेटली, मले सेक्टर ६ मध्ये क्वार्टर भेटलं. तिथंच एक दिवस मास्तरानं टपालानं पुस्तक धाडलं. एकेक अक्षर जोडत वाचलं. पाहुण्याचा मान, देवाचा रुसवा, सारं छापलेलं! घरात कोणाले बोललो नाही. रोज आरशात मिशीले तेल लावाचो, अन् रोज वाटे, दुसऱ्याची वस्तू घालून फिरून राहिलो.

शेवटी गेलो डोंगरात. आता आमच्याही भट्टीतून लोखंड निघते, हेही म्हातारीले सांगाचं होतं. तिनं ऐकूनच घेतलं नाही.

"पाहुणा आलास? चढ."

"दाई, तो रिवाज तर मीच..."

"मले नको शिकवू. तुह्या मास्तरामागं आणखी चार पुस्तकवाले येऊन गेले. येताच विचारत, पाहुण्याले कवा चढवता? साऱ्यायले चढवलं. पोरगा नाही, तरी भट्टी थंड पडली नाही माही."

मी चढलो. सकाळपासून तुडवलं. मधात दोनदा पायवाटेकडं पाहिलं, कोणी पुस्तकवाला येते का म्हणून. कोणी आलं नाही. म्हाताऱ्यानं चिमट्यानं लोखंडाचा लाल गोळा बाहेर ओढला, तवाच उतरलो. उतरलो म्हणजे पडलो.

म्हातारीनं पाण्याचा लोटा हातात दिला, वाकून माह्या तोंडाकडं पाहिलं.

"अर्धी पिकली रे," म्हणाली. "जा, घेऊन जा तुही मिशी."